दोघींचं विमान

सिमून नावाचं विमान एकटीला उडवता येत नाही. त्यात दोघींसाठी दोन वेगळ्या जागा असतात. विमान हाकते ती ऑरिगा, दिशा आणि शस्त्रं सांभाळते ती साजित्ता. आत बसण्याआधी दोघी एकमेकींचं चुंबन घेतात, मग वाकून विमानाच्या अंगात बसवलेल्या रत्नाला ओठ टेकवतात. रत्न उजळतं, मोठाली चक्रं फिरू लागतात आणि ते अवजड धूड जमीन सोडतं. इंधन भरणं नाही, किल्ली फिरवणं नाही. हा विधी झाला की उड्डाण.

‘सिमून’ ही सव्वीस भागांची जपानी अॅनिमे मालिका ३ एप्रिल २००६ रोजी टीव्ही टोकियोवर सुरू झाली आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला संपली. दिग्दर्शक जुंजी निशिमुरा, निर्मिती स्टुडिओ दीनची, संगीत तोशिहिको साहाशी यांचं. मुलीमुलींमधल्या प्रेमाच्या कथांना जपानमध्ये ‘यूरी’ म्हणतात आणि ही मालिका त्याच खणात ठेवली जाते. तसं ठेवण्यात काही चूक नाही. पण पाहता पाहता माझ्या मनात प्रेमाच्या जोडीनं आणखी एक प्रश्न ठाण मांडून बसला. देवासाठी केलेली गोष्ट एकदा राज्याच्या कामाची ठरली की तिचं काय होतं?

या गोष्टीतल्या ग्रहावर प्रत्येक मूल मुलगी म्हणूनच जन्माला येतं. सिम्युलाक्रम या देशात सतरावं वर्ष लागलं की प्रत्येकीनं एका पवित्र झऱ्यावर जायचं आणि पुढचं आयुष्य बाई म्हणून काढायचं की पुरुष म्हणून, ते सांगायचं. झऱ्यावर ओनाशिया नावाची पुजारीण असते. ज्यांना ठरवता येत नाही त्यांचं ती ठरवते. तिनं स्वतः मात्र कधीच निवड केलेली नाही, आणि त्याची किंमत तिचं शरीर मोजतं आहे. ते सोनेरी धूळ होऊन कणाकणानं झडतं आहे. झऱ्यावरून परतलेल्याचं शरीर एका रात्रीत बदलत नाही. विमानांची देखभाल करणारा वापोरिफ नुकताच पुरुष व्हायचं ठरवून आला आहे. त्याच्या अंगावर मुलीच्या खुणा अजून आहेत, त्या सावकाश मावळत आहेत, आणि तो हातात पाना घेऊन आपलं काम करतो आहे. मालिका त्याच्याकडे कुतूहलानं डोकावत नाही. तिथे सगळेच असे घडत गेले आहेत, मग डोकावायचं कशाला?

निर्मात्यांनी इथे एक गोष्ट फार विचारानं केली आहे. या मालिकेतल्या पुरुषांनाही स्त्रियांनीच आवाज दिला आहे. दाढीमिशा असलेला अधिकारी बोलायला लागतो आणि कानावर बाईचा आवाज येतो. सुरुवातीला कान अडखळतात. मग लक्षात येतं, हा माणूस सतरा वर्षांचा होईपर्यंत मुलगी होता. त्याच्या घशात ती अजून आहे. मुलींना वाहून नेणाऱ्या ‘आर्कस प्रिमा’ या हवाई जहाजावर अनुबितुफ आणि गुरागिएफ हे दोन वरिष्ठ अधिकारी आहेत. एके काळी हे दोघेही सिमूनवर होते, आणि एकमेकांची जोडी होते. त्यांनीही त्या रत्नाला ओठ टेकवण्याआधी एकमेकांचं चुंबन घेतलेलं आहे. आता ते नकाशासमोर उभे राहून कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवतात. त्यांच्यात फार संवाद घडवलेले नाहीत, पण समोरच्या मुलींकडे पाहताना त्यांच्या नजरेत जे येतं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. आपण जिथून निघालो तिथेच आपण आता दुसऱ्यांना पाठवतो आहोत, आणि हे ठाऊक असूनही पाठवतो आहोत. युद्धकथांमधले सेनापती मी पुष्कळ पाहिले, वाचले. स्वतःचं कोवळं वय असं अंगावर वागवणारा सेनापती मला दुसरीकडे भेटलेला नाही.

सिमून उडवणाऱ्या मुली सैनिक नाहीत. त्या ‘सिबिला’ आहेत, म्हणजे पुजारिणी. तेम्पुस स्पातियुम या देवाच्या, काळाच्या आणि अवकाशाच्या त्या देवाच्या सेवेतल्या. विमान उडताना मागे उजेडाची रेघ उमटते. एक किंवा अनेक विमानं त्या रेघांची आकाशात एक आकृती पुरी करतात. तिला री माजॉन म्हणतात. मुळात ही प्रार्थना. आकाश हे पान, आणि त्यावर देवाला वाचता येईल अशी अक्षरं. पण त्या आकृतीत अफाट शक्ती असते, आणि ती पुरी झाली की तिच्या आवाक्यात जे असेल ते नष्ट होतं.

शेजारच्या अर्जेंटम देशाकडे असलं काही नाही. तिथे कारखाने आहेत, धूर आहे, काळवंडलेलं आकाश आहे. मूल जन्माला आलं की बाई की पुरुष ते तिथे वैद्यकीय उपायांनीच ठरवून टाकतात. झरा नाही, सतरा वर्षांची मुदत नाही. त्यांची विमानं धूर ओकत उडतात. सिमूनचं हेलिकल मोटर नावाचं यंत्र हाती आलं तर आपली हवा सुधारेल, आपली माणसं जगतील, हा त्यांचा हिशेब. शत्रू दुष्ट आहे म्हणून चालून आला असं ही मालिका म्हणत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांना श्वास हवा आहे. त्यासाठी ते टोळधाडीसारखी विमानं पाठवतात, आणि सिम्युलाक्रमकडे त्यांना रोखणारं एकच साधन असतं, ते म्हणजे प्रार्थना करणाऱ्या मुली.

यंत्राची पूजा आपल्याला नवी नाही. खंडेनवमीला कारखान्यातल्या लेथला, दारातल्या रिक्षेला, घरातल्या विळी-कोयत्याला हळदकुंकू लावून झेंडू वाहणारी माणसं आपण. पण सण सरला की फिटर तेच यंत्र खोलून बसतो. त्याला बेअरिंग कुठे झिजलं ते पाहायचं असतं, आणि देवाला त्याचा राग येत नाही. सिम्युलाक्रममध्ये मात्र हेलिकल मोटर उघडायची सोय नाही. ती पवित्र आहे, प्राचीन आहे, ती चालते, बस्स. कशामुळे चालते हे कोणी विचारत नाही. एक दोमिनुरा विचारते. ती वयानं आणि अनुभवानं इतरांहून मोठी, थंड डोक्याची, शिस्तीची. वापोरिफला हाताशी धरून ती मोटर उघडायला लावते, आत पाहते आणि मुळापासून हादरते. तिनं काय पाहिलं ते आपल्याला स्पष्ट दाखवलेलं नाही. मला तो प्रसंग संपूर्ण मालिकेतला सर्वांत धाडसी वाटतो. श्रद्धेचं झाकण उचललं की आत काहीच नसतं, असं सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. इथे झाकण उचलल्यावर काहीतरी आहे, आणि ते पाहून झाल्यावरही दोमिनुराला उद्या पुन्हा त्याच विमानात बसायचं आहे.

पहिल्याच भागात नेव्हिरिल आणि आमूरिया ही जोडी ‘पाचूची री माजॉन’ करू पाहते. ती निषिद्ध आहे. ती साधत नाही आणि आमूरिया नाहीशी होते. मेली असंही म्हणता येत नाही, कारण देह मिळत नाही. नेव्हिरिल ही सिबिलांमध्ये सर्वश्रेष्ठ मानली गेलेली, ‘सिबिला ऑरिया’ हा मान मिळालेली. ती खोलीत बसून राहते. उडायला तयार नाही आणि झऱ्यावर जायलाही तयार नाही. आणि मग आएरू येते. दांडगट, बडबडी, कोणाचंही ऐकून न घेणारी. तिला झऱ्यावर जायचं नाही, मोठं व्हायचं नाही, तिला फक्त उडायचं आहे, आणि तेही नेव्हिरिलबरोबरच. दुखवट्यात बसलेल्या मुलीसमोर उभं राहून हे असं मागायला जे धार्ष्ट्य लागतं ते तिच्याकडे आहे. सुरुवातीला मला तिचा राग आला होता. पुढे लक्षात आलं की त्या जहाजावर सगळ्यांना नेव्हिरिलचा काही ना काही उपयोग करून घ्यायचा आहे. पुरोहितांना तिची प्रतिष्ठा हवी, राज्यकर्त्यांना तिचं शस्त्र हवं, सोबतिणींना तिचं नेतृत्व हवं. आएरूलाही उपयोगच करायचा असतो, पण ती तो लपवत नाही. त्या सरळपणातून पुढे प्रेम उगवायला जागा राहते.

आता जपानकडे वळतो, कारण या गोष्टीची मुळं तिथल्या मातीत आहेत. निर्मात्यांच्या मनात काय होतं याचा दावा मी करत नाही. पण काही गोष्टी एकदा वाचनात आल्या की त्या मालिकेपासून बाजूला काढता येत नाहीत.

१९१३ साली इचिझो कोबायाशी या रेल्वे चालवणाऱ्या उद्योजकानं ताकाराझुका गावात मुलींचं एक गायनपथक उभं केलं. पुढच्या वर्षी पहिला प्रयोग झाला, आणि त्यातून जपानची ती सुप्रसिद्ध रंगभूमी तयार झाली, जिथे सगळी पात्रं स्त्रियाच करतात. पुरुषपात्रं करणाऱ्या नट्या वर्षानुवर्षं तालीम करून चाल, आवाज, खांदे घडवतात, आणि प्रेक्षागृहातल्या बायका त्यांच्यावर जीव ओवाळून टाकतात. ‘सिमून’मधले बाईच्या आवाजाचे पुरुष पाहताना हे आठवणं स्वाभाविक आहे.

या रंगभूमीचं टोकियोतलं नाट्यगृह मार्च १९४४ मध्ये युद्धामुळे बंद झालं. प्रयोग थांबले, पण इमारत रिकामी राहिली नाही. तिथे फुगे तयार होऊ लागले. जपानी सैन्यानं एक अजब शस्त्र काढलं होतं. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचे थर कोन्याकू नावाच्या कंदाच्या खळीनं एकमेकांवर चिकटवायचे, त्यांचा सुमारे दहा मीटर व्यासाचा फुगा करायचा, त्यात हायड्रोजन भरायचा, खाली बॉम्ब टांगायचे आणि वरच्या वेगवान वाऱ्यांवर सोडून द्यायचा, म्हणजे तो प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत पडेल. नोव्हेंबर १९४४ पासून पुढच्या वसंतापर्यंत असे नऊ हजारांहून जास्त फुगे सोडले गेले. कागद चिकटवायला हात लागत होते, आणि ते हात होते शाळकरी मुलींचे. मुलींची बोटं नाजूक, पातळ कागदाला जपून हाताळणारी. हवा भरून फुगा कुठे गळतो आहे का ते तपासायला उंच छताची, मध्ये खांब नसलेली जागा लागायची, म्हणून मोठाली नाट्यगृहं ताब्यात घेतली गेली. ताकाराझुकाचं नाट्यगृह त्यांतलं एक. आदल्या हंगामापर्यंत ज्या छताखाली मुली पुरुषवेष करून मुलींवर प्रेम करायच्या, त्या छताखाली आता मुली डोक्याला पट्ट्या बांधून बॉम्बचे फुगे चिकटवत होत्या.

बहुतेक फुगे कुठे गेले कोणाला कळलं नाही. एकानं मात्र जीव घेतले. ५ मे १९४५ रोजी ऑरेगन राज्यात ब्लाय गावाजवळच्या रानात सहलीला गेलेली पाच मुलं आणि त्यांच्या सोबतची एक गरोदर बाई असे सहा जण, जमिनीवर पडलेल्या फुग्याच्या बॉम्बनं मारले गेले. चार दशकांनंतर, यामागुचीच्या शाळेत असताना हे फुगे तयार केलेल्या काही स्त्रियांना ही हकीकत समजली. त्यांनी कागदाचे हजार करकोचे घड्या घालून तयार केले आणि त्या कुटुंबांना पाठवले. पुन्हा कागदच, पुन्हा तीच बोटं. मी त्या स्त्रियांचा विचार करतो तेव्हा मला सिबिला आठवतात. आपण जे करतो आहोत ते दुसऱ्या टोकाला कोणावर जाऊन पडतं हे त्या मुलींना कोणी सांगितलंच नव्हतं. ‘सिमून’मधल्या मुलींना ते वरून दिसतं, निदान एवढा तरी फरक.

दुसरी हकीकत ओकिनावाची. २३ मार्च १९४५ च्या रात्री तिथल्या दोन मुलींच्या शाळांमधल्या २२२ विद्यार्थिनी आणि त्यांचे १८ शिक्षक हायेबारूच्या लष्करी इस्पितळात कामाला धाडले गेले. इस्पितळ म्हणजे डोंगरात खणलेली भुयारं. या पथकाला ‘हिमेयुरी’ म्हणतात. मुलींनी पुस्तकं सोबत नेली होती. थोड्या दिवसांत लढाई संपेल आणि शाळा सुरू होईल अशी त्यांची समजूत. त्यांनी जखमा धुतल्या, तोडलेले हातपाय बाहेर नेऊन पुरले, गोळीबारातून पाणी आणलं. १८ जूनला, अमेरिकी सैन्य अगदी जवळ आलेलं असताना, पथक बरखास्त झाल्याचा हुकूम त्यांना देण्यात आला. आता तुम्ही मोकळ्या, आपापलं पाहा. १३६ जण मेले, आणि त्यांतले बहुसंख्य त्या हुकमानंतरच्या थोड्याशा दिवसांत. वाचलेल्यांनी १९८९ मध्ये संग्रहालय उभारलं. तिथे मेलेल्या मुलींचे फोटो आहेत, आणि वाचलेल्या बायका वर्षानुवर्षं येणाऱ्यांना स्वतःच्या तोंडानं ती हकीकत सांगत राहिल्या.

मला इथे त्या हुकमाचा शब्दप्रयोग नाही, त्यामागची पद्धत टोचते. मुलींना नेताना कोणी त्यांना सैनिक म्हटलं नाही, त्यामुळे सोडताना सैनिकांच्या बाबतीत जे करावं लागतं ते करायची गरज उरली नाही. सिम्युलाक्रमची वडील माणसं हेच करतात. तुम्ही पुजारिणी आहात, लढणाऱ्या नाही, असं मुलींना सांगितलं जातं, आणि त्याच दमात पुढच्या मोहिमेची वेळही सांगितली जाते. मालिका प्रसारित होत होती त्या दिवसांत जपानचं भूदल इराकमधल्या समावाहमध्ये होतं. जुलै २००६ मध्ये ते परत आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाई चालू असलेल्या देशात जपाननं सैन्य पाठवण्याची ती पहिली वेळ, आणि ते सैन्य पुनर्बांधणीसाठी आहे, लढण्यासाठी नाही, असं सरकार सांगत होतं. टोकियोत सोमवारच्या रात्री ‘सिमून’ पाहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

यूरीच्या इतिहासात नोबुको योशिया हे नाव फार वर आहे. १९१६ पासून त्यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या मालिकेतल्या, फुलांची नावं असलेल्या कथा मुलींच्या मासिकात येऊ लागल्या. शाळेतली मैत्री, वसतिगृहातला विरह, पत्रं, अश्रू. त्या काळच्या समाजाला हे चालायचं, कारण हे एका वयापुरतं असतं, मग लग्न होतं आणि संपतं, असं सगळे धरून चालायचे. योशियांनी ते संपू दिलं नाही. चियो मोम्मा यांच्यासोबत त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं संसार केला, आणि १९५७ मध्ये कायद्याचा आधार मिळावा म्हणून त्यांना दत्तक घेतलं. एवढं वाचून मन भरून येतं. पण त्याच योशिया १९३८ मध्ये सरकारनं चीनच्या आघाडीवर पाठवलेल्या लेखकांच्या तुकडीत होत्या आणि त्यांनी युद्धवार्तांकन केलं. मी हे त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्यांची लेखणी मुलींच्या हृदयापर्यंत पोचत होती, म्हणूनच राज्याला ती हवी होती. जे जे मनापर्यंत पोचतं, प्रार्थना, गाणं, प्रेमकथा, त्याकडे युद्धाचं लक्ष असतंच.

मालिकेत आणखी एक देश आहे, प्लंबम. डोंगराळ, गरीब, अतिशय श्रद्धाळू. त्यांचाही देव तोच, फक्त ते त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतात. त्यांच्याही पुजारिणी आहेत, आणि त्यांच्या दृष्टीनं सिमून हे देवाचं वाहन आहे. म्हणजे सिम्युलाक्रमशी लढायला येणाऱ्यांपैकी एकाला सिमून हवं ते यंत्र म्हणून, आणि दुसऱ्याला हवं ते देव म्हणून. दोन्ही देशांच्या पुजारिणी समोरासमोर येतात तेव्हा त्या एकमेकींना ओळखतात. हातांची ठेवण, डोळे मिटण्याची रीत, सगळं ओळखीचं. इथे एखाद्या सोप्या मालिकेनं दोन्ही बाजूंना लगेच मिठी मारायला लावली असती. इथे ओळख पटते आणि युद्ध चालूच राहतं. माणसं देवाच्या नावावरून भांडतात असं आपण म्हणतो. मालिका सुचवते की देव एकच आहे हे कळूनही भांडण थांबत नाही, कारण भांडण मुळात देवावरून नव्हतंच.

रोदोरेआमोन आणि मामिना यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रोदोरेआमोन बड्या घराण्यातली. मामिनाचं कुटुंब त्याच घराण्याच्या चाकरीत होतं. सिमूनमध्ये या दोघींची जोडी जमते. आता विधीनुसार मालकाच्या मुलीनं आणि नोकराच्या मुलीनं एकमेकींचं चुंबन घ्यायचं. मामिनाच्या मनात वर्षांचं विष साठलेलं आहे, आणि ती ते बोलून दाखवते. रोदोरेआमोनला लहानपणची मैत्रीण आठवते. मामिनाला आठवते ती आपली पायरी. चुंबनानं हे अंतर मिटत नाही. देवळातही, विमानातही, कोण कोणाच्या घरात वाढलं ते दोघींना माहीत असतं. हळूहळू काहीतरी सैलावतं. मुलींना आर्कस प्रिमा सोडून ‘मेस्सिस’ नावाच्या साध्या, लहान जहाजावर राहावं लागतं तेव्हा मामिना स्वयंपाक करते, आणि तो ती उत्तम करते. नोकर म्हणून शिकलेली गोष्ट ती आता मैत्रिणींसाठी करते आहे. त्या जेवणाच्या दृश्यात मला फार बरं वाटलं होतं. पुढे मामिना मारली जाते. युद्धकथेत कोणीतरी मरणार हे आपण गृहीत धरलेलं असतं, पण जिनं आपली जागा इतक्या कष्टानं मिळवली तिचंच जावं, हे मला आजही पचलेलं नाही. रोदोरेआमोनचं नंतरचं गप्प राहणं मालिका घाई न करता दाखवते.

चित्रणाच्या बाबतीत ‘सिमून’ उणी आहे, हे मान्य. पैसे कमी होते हे दिसतं. उड्डाणाची तीच ती दृश्यं परत येतात, संगणकावर केलेली विमानं हातानं काढलेल्या मुलींशेजारी उपरी दिसतात. पहिले काही भाग तर नवख्या माणसाला नुसत्या नावांनीच गुदमरवून टाकतात. पण मी हे कोणाला सुचवतो तेव्हा मामिनापर्यंत तरी थांबा असं सांगतो.

या सगळ्यात मुलींच्या हातात एक विलक्षण गोष्ट असते. सिबिला कधीही झऱ्यावर जाऊ शकते. गेली, निवड केली, की ती युद्धातून सुटली. म्हणजे लढाईतून बाहेर पडायचा सन्माननीय मार्ग म्हणजे मोठं होणं. आणि राज्याला हव्या असतात त्या न निवडलेल्याच मुली, कारण सिमून त्यांनाच उडवता येतं. त्यांची अनिश्चितता, त्यांचा संभ्रम, रात्री उशाशी बसून केलेला विचार, हाच राज्याचा शस्त्रसाठा. किशोरवयाचं इतकं क्रूर आणि इतकं अचूक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. मुली राहतात त्या नेहमी देशासाठी राहत नाहीत. कोणी मैत्रिणीसाठी राहते, कोणी मेलेल्या जोडीदारणीसाठी, कोणी निव्वळ भीतीपोटी. युन राहते कारण तिच्या सोबतच्या मरत गेल्या आणि ती उरली.

शेवटी सिम्युलाक्रम हरतं. जिंकलेले देश सिबिलांना हुकूम सोडतात की आता झऱ्यावर जा. जी निवड आतापर्यंत स्वतःची होती ती आता तहाचं कलम झाली. एकेक जण जाते. मोरिनास बाई होते. पुढे ती वापोरिफबरोबर संसार थाटते आणि तिला मूल होणार असतं. फ्लोए पुरुष होते, व्ह्युराही. युन मात्र ओनाशियाजवळ जाते, तिला कवेत घेते, इतक्या काळाच्या झिजण्यातून तिला मोकळं करते आणि झऱ्यापाशी तिच्या जागी स्वतः उभी राहते. मेलेल्यांचं ओझं वाहणाऱ्या मुलीनं पुढच्या सगळ्या निवडणाऱ्यांसाठी तिथे थांबायचं पत्करलं. नेव्हिरिल आणि आएरूच्या प्रेमापेक्षाही या एका कृतीपाशी मी अधिक वेळ रेंगाळलो आहे.

नेव्हिरिल आणि आएरू झऱ्यावर निवड करत नाहीत. बाकीच्या जणी त्यांना सिमूनपर्यंत पोचवतात आणि त्या दोघी पाचूची री माजॉन पुरी करतात; तीच, जिनं पहिल्या भागात आमूरियाला गिळलं होतं. या वेळी ती साधते आणि दोघी या जगातून दुसऱ्या जगात जातात. त्यांच्या आधी दोमिनुरा आणि तिची जोडीदारीण लिमोने याच वाटेनं दूरच्या भूतकाळात गेलेल्या असतात. काही जणांना हा शेवट म्हणजे पळ काढणं वाटतो. मला तसं वाटत नाही. ही आकृती कोणावर सोडलेली नव्हती. तिचा कोणाला काही फायदा झाला नाही, तिनं कुठलाही ताफा बुडवला नाही, कुठलीही सीमा राखली नाही. आणि त्याआधीचं चुंबनही कोणाच्या हुकमानं नव्हतं. नेव्हिरिलनं पूर्वी ते विधी म्हणून कितीदा तरी केलं, मग अपराधीपणाने टाळलं, आणि आता ते तिचं स्वतःचं होतं. सव्वीस भाग मी ज्या प्रश्नापाशी अडलो होतो, त्याला मालिकेनं दिलेलं उत्तर मला इथे दिसलं.

मागे राहिलेल्यांना मात्र जगावं लागतं. पराइएत्ता या आणखी एका सिबिलाचं नेव्हिरिलवर पहिल्यापासून प्रेम होतं आणि ते तिच्या पदरात कधीच पडलं नाही. तीही मोठी होते, बाई होते आणि युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना सांभाळू लागते. जिंकलेले दोन देश तोवर एकमेकांशी भिडायच्या बेतात आलेले असतात. तिच्याकडची पोरं भराभर वाढत असणार. त्यांतली जी कोणी सतराची होईल तिला झऱ्यावर युन भेटेल, आणि ती घाई करणार नाही, एवढी माझी खात्री आहे. पण त्या पोरीला झऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं, की त्याआधीच तिच्याकडून काही काम काढून घ्यायचं, हे ठरवणारे तेव्हाही कोणी मोठेच असतील, आणि त्यांच्यात कदाचित फ्लोए आणि व्ह्युराही असतील.